पत्रे चढेपर्यंत

पोळा होऊन आठवडा उलटला होता, आणि बोरमळीच्या पांदणीतून एक सरकारी माणूस येत होता. सायकल होती त्याच्याकडे. पण तो सायकलवर नव्हता, सायकल त्याच्यावर होती. वऱ्हाडातली काळी माती एकदा भिजली की साहेब पाहत नाही आणि शिपाई पाहत नाही. मडगार्डात अशी ठासून बसते की चाक म्हणतं, आता मी नाही फिरत, काय करायचं ते करा. तर हे साहेब पँट पोटरीपर्यंत गुंडाळून, सायकल खांद्यावर टाकून, चपला हातात धरून जपून जपून पावलं टाकत होते.

ललितानं कुंपणापाशी उभं राहून हे सगळं पुरतं पाहून घेतलं. हसायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. थोडा वेळ जमलंही.

"सायकल चालवाची असते, साहेब."

"मले माहीत आहे," तो धापा टाकत म्हणाला. "हिले माहीत नाही."

असं उत्तर येईल असं काही तिला वाटलं नव्हतं. तिनं कुंपणातली एक तुराटी उपसली, सायकल आडवी ठेवायला लावली आणि मडगार्डातला चिखल टोकरायला लागली. तो पाहत राहिला. आधी तुराटीकडे, मग तिच्या हिरव्या बांगड्यांकडे, आणि तिनं मान वर केली तेव्हा घाईघाईनं आभाळाकडे.

"कोणाकडे जाऊन राहिले?"

"बालवाडीवाल्या ललिताबाईकडे. पंचायत समितीतून आलो. त्यायचा अर्ज आहे खोलीसाठी. अर्जातलं अक्षर पाहून वाटते, बुजुर्ग असतीन बाई."

"हो, लय बुजुर्ग आहे," ललिता गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. "कानानंबी कमी ऐकू येते. जोरानं बोला तिच्याशी."

गावात आल्यावर तिनं त्याला निंबाखाली नेलं. तिथं फाटक्या सतरंजीवर पोट्टी बसली होती, कोणी पाटीवर रेघोट्या मारत होतं, कोणी शेजारच्याला चिमटे काढत होतं. ललिता समोरच्या स्टुलावर जाऊन बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "बोला साहेब. पण जोरानं."

तो आधी काही समजलाच नाही. मग समजला, आणि असा मोकळा हसला की चिमटे काढणारी पोरंसुद्धा थांबून पाहायला लागली.

त्याचं नाव सूर्यभान. धामणगाव रेल्वे या गावचा. अमरावतीला शिकला, आणि नुकताच बार्शीटाकळीला विस्तार अधिकारी म्हणून रुजू झाला होता. चौसष्ट सालची ही गोष्ट. जिल्हा परिषदा नव्यानव्या झालेल्या होत्या, आणि गावोगावच्या महिला मंडळांना, वाचनालयांना, बालवाड्यांना समितीकडून अनुदान मिळतं ही गोष्ट लोकांना अजून खरी वाटत नव्हती. सूर्यभानचं काम तेच होतं. गावात जायचं, संस्था खरोखर आहे की नुसती अर्जावर आहे ते पाहायचं, आणि समितीपुढे शिफारस ठेवायची.

बालवाडी चालवणाऱ्या महिला मंडळाच्या अध्यक्ष मैनाबाई लगबगीनं आल्या. मैनाबाई शेतकऱ्याघरच्या, जमीनजुमलावाल्या, बोलायला फटकळ. पण खोलीसाठी आपल्या वावराच्या टोकाची जागा त्यांनीच दिली होती, आणि ती अशी नेमकी दिली होती की पाटलाची आळी आणि बौद्धवाडा दोन्हीकडून पोरांना सारखंच चालावं लागेल. यावरून त्यांच्या दिरानं महिनाभर अबोला धरला होता. मैनाबाई म्हणायच्या, तेवढंच घर शांत होतं.

"किती देते सरकार?" त्यांनी बसायच्या आधीच विचारलं.

"अर्धं तुमचं, अर्धं समितीचं," सूर्यभान समजावू लागला. "तुमचा वाटा वर्गणीनं द्या नाहीतर श्रमदानानं. माती आणा, दगड आणा, भिंती घाला. सगळं धरल्या जाते."

तो हे सांगत असताना ललितानं एक रडणारं पोरगं कमरेवर घेतलं होतं, त्याला थोपटता थोपटता ती एकेका शब्दाला मान हलवत होती, आणि तिच्या कानामागची बट वाऱ्यानं पुनःपुन्हा गालावर येत होती. सूर्यभान बोलता बोलता दोनदा थांबला. पाणी मागितलं. प्यायला. पुन्हा बोलला.

निघाला तेव्हा पांदणीच्या तोंडापर्यंत जाऊन तो परत वळला.

"काही राह्यलं का साहेब?" ललितानं ओरडून विचारलं.

"काहीतरी सांगायचं होतं... आठवून नाही राहिलं."

"मंग ते काही मोठं नसन."

"नसन," तो म्हणाला, आणि उगाचच थोडा वेळ उभा राहून गेला.

त्यानंतर तो बरेचदा आला. कधी मंडळाचा नोंदणीचा कागद पाहायला, कधी पोरांची हजेरी पाहायला, आणि एकदा तर नुसतंच 'या बाजूनं चाललो होतो' म्हणून. बोरमळी कुठल्याच बाजूला जाताना लागत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ललिता काही बोलली नाही. चहात गूळ थोडा जास्त टाकला एवढंच.

"काय वं," मैनाबाई एकदा म्हणाल्या, "त्या सायबाचा चाय अन् आमचा चाय एकाच गंजात उकळलेला नाही वाटते."

ललिता लाजली, आणि लाजली म्हणून स्वतःवरच चिडली.

कारण तिच्या डोक्यात तेव्हा दुसरंच घोळत होतं. तिचा बाप देवमन मातीच्या भिंती घालायचा. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला तेव्हा त्यानं घरात सांगितलं होतं की पोरगी शिकेल, लोक काय म्हणतील ते म्हणू दे. त्यानं शब्द पाळला. सातवीपर्यंत शाळा झाली, मग अकोल्याला बालवाडीचं शिक्षण झालं. पण आता समितीनं कळवलं होतं की पुढच्या पावसाळ्याआधी पक्कं छप्पर नसेल तर बोरमळीची बालवाडी बंद. आणि कौंडण्यपूरकडचं एक स्थळ दोन वर्षांपासून दार ठोठावत होतं.

"माय पोरी, मी जबरदस्ती नाही करत," देवमन म्हणाला होता. "खोली झाली तं राह्य, शिकव. नाही झाली तं घरी बसून काय करशीन? मंग त्यायले हो म्हणतो."

यात वाकडं काही नव्हतं, आणि म्हणूनच ललिताला भांडताही येईना. ती खोली म्हणजे तिच्यासाठी नुसती खोली नव्हती. ती उभी राहिली तर तिचं आयुष्य तिच्या हातात, नाहीतर कौंडण्यपूरकडच्या माणसाच्या. तो माणूस वाईट नव्हता. तिनं त्याला एकदाच पाहिलं होतं, आणि त्याच्याबद्दल तिला काहीच वाटलं नव्हतं, वाईटसुद्धा नाही.

कापूस घरात आला आणि बायकांना उसंत मिळाली, तेव्हा ललितानं मंडळापुढे गोष्ट काढली. अर्धं आपलं आहे ना? मग साहेबाची वाट कशाला पाहायची? आपलं अर्धं आपण करून टाकू. पुन्हा येतील तेव्हा पाहतील, की या बाया नुसत्या बोलणाऱ्या नाहीत.

आणि काय सांगावं, बोरमळीच्या बायका लागल्या कामाला. ललिताची माय सुंदराबाई चिखल तुडवायला सगळ्यांत पुढे. मैनाबाईंनी गाडीभर कुटार, म्हणजे भुसकट, दिलं मातीत मिसळायला. ज्या बाया एकमेकींच्या घरचं पाणी प्यायला आढेवेढे घ्यायच्या, त्या एकाच चिखलात पोटरीपर्यंत उभ्या राहून एकमेकींच्या सासवांच्या नकला करत होत्या. देवमन ओळंबा धरून भिंती चढवत होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. पोरीसाठी कोणापेक्षाही त्यालाच ती खोली हवी होती, फक्त बोलत नव्हता.

मधले काही आठवडे सूर्यभान दुसऱ्या गावांच्या कामात अडकला होता; माघात तो आला तेव्हा चारही भिंती डोक्याइतक्या उभ्या होत्या.

ललिता वाटच पाहत होती. हात मातीचे, कपाळावर माती, आणि डोळ्यांत अशी चमक की... "पाहा साहेब! आमचं अर्धं झालं."

सूर्यभाननं सायकल भिंतीला टेकवली. भिंतीकडे पाहिलं. मग कपाळाला हात लावून तो दगडावर बसला.

"काय झालं? वाकडी आहे का?"

"नाही. सरळ आहे. लय सरळ आहे." त्याचा आवाज बसला होता. "ललिताबाई, मंजुरीच्या आधी सुरू केलेल्या कामाले अनुदान भेटत नाही. पैसाबी नाही."

ललितानं हातातला चिखलाचा गोळा खाली टाकला.

"हे मी प्रत्येक गावात सगळ्यात पहिले सांगतो. मंजुरी येऊ द्या, मंग कुदळ मारा. तुमाले... तुमाले सांगायचं राह्यलं माझ्याच्यानं."

पलीकडे सुंदराबाई चिखल तुडवत गाणं म्हणत होती, तिला अजून काही कळलं नव्हतं. ललितानं एकदा तिकडे पाहिलं. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुमी असं लिहा ना, की भिंती जुन्याच आहेत. पहिल्यापासूनच्या. कोण पाहाले येते इथं?"

सूर्यभाननं तिच्या तोंडाकडे पाहिलं. "लिहितो," तो म्हणाला.

इतकं पटकन म्हणाला की ललिताच दचकली. तिला वाटलं होतं तो नियम सांगेल, चिडेल, निदान विचार करीन तरी म्हणेल. हा माणूस तिच्या एका शब्दावर आपली नोकरी निंबाला टांगायला निघाला होता. आणि त्या क्षणी तिला त्याचं मन कळलं, पण ते कळायला नको होतं अशी ती वेळ होती.

"नाही," ती म्हणाली. "नका लिहू. माझं चुकलं. खोटं लिहून खोली नाही पाहिजे मले."

"मंग काय करू?"

"खरं तेच सांगा. जे होईन ते होईन."

मार्चमध्ये बार्शीटाकळीला समितीची सभा भरली. मंडळातर्फे ललिता आणि मैनाबाई गेल्या, दाराजवळच्या बाकावर बसल्या. सभापती पंजाबराव, वय झालेले शेतकरी, तोंडात सुपारी आणि बोलण्यात पाल्हाळ नाही.

बोरमळीचं नाव निघालं तेव्हा सूर्यभान उभा राहिला. भिंती मंजुरीआधीच झाल्यात हे त्यानं सांगितलं. एक सदस्य कुरकुरले, नियम म्हणजे नियम, मग एवढ्या बारीक गोष्टी आमच्यापुढे कशाला आणता.

"चूक बायायची नाही," सूर्यभान म्हणाला. "नियम मी सांगायले पाहिजे होता. मी नाही सांगितला."

"काहून नाही सांगितला?" पंजाबरावांनी विचारलं. "तुमी तं शिकलेले माणूस."

सूर्यभाननं हातातला कागद टेबलावर ठेवला. बाहेर लिंबोणीवर साळुंक्या कलकलत होत्या.

"विसरलो."

"इतकी मोठी गोठ?"

"हो. कारण... माझं ध्यान नियमात नव्हतं." त्यानं एकदा घसा साफ केला. "साहेब, या गावाबद्दल मी शिफारस देऊ नाही शकत. ना हो म्हणून, ना नाही म्हणून. तिथल्या एका बाईले मागणी घालाचा माझा विचार आहे. माझा शब्द तिथं सरळ राह्यणार नाही. दुसऱ्या कोणाले पाठवा."

मग मागच्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं. मैनाबाईंनी ललिताच्या मांडीवर असा चिमटा काढला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता ते चिमट्याचं होतं की आणखी कशाचं, कोण सांगणार.

पंजाबरावांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "पोरीले विचारलं का?"

"नाही अजून."

"म्हंजे आमाले पहिले सांगतलं, अन् तिले मागून? धन्य आहे." मग ते सरळ कामावर आले. "भिंतीचं अनुदान गेलं. तिथं काही होऊ शकत नाही. पण छप्पर तं अजून सुरू नाही झालं न? छपराचा अर्ज नवा करा. मी स्वतः जाऊन पाहातो. अन् तुमी, सूर्यभान, ते काम पुरं होयेपर्यंत त्या गावच्या वाटेले जायचं नाही."

कचेरीच्या आवारात सूर्यभान तिच्यापाशी आला, तेव्हा ललिता लालबुंद झाली होती. मैनाबाई शहाण्या. त्यांना अचानक कोणाशी तरी कापसाच्या भावाबद्दल बोलायचं आठवलं.

"रागावल्या का?"

"रागावू नको तं काय करू? पुऱ्या तालुक्याले माहीत झालं, मलेच नव्हतं माहीत."

"खरंच नव्हतं माहीत?"

ललितानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "थोडंसं होतं," ती म्हणाली.

"मंग तुमचं काय म्हणणं?"

"आत्ता काहीच नाही. पत्रे चढतीन तवा सांगीन."

"अन् नाही चढले तं?"

"तं सांगणार नाही," ती म्हणाली, आणि बैलगाडीकडे चालायला लागली. त्याला कारण विचारायचं होतं, हे तिला पाठमोरीलाही कळत होतं. तिनं वळून पाहिलं नाही. वळली असती तर हो म्हणून बसली असती.

घरी देवमन हे ऐकून चाटच पडला. "अवं, पोरगं शिकलेलं, सरकारी नोकरीतलं, आपल्याच समाजातलं. साऱ्यायपुढे उभं राहून मागणी घालते. अन् तू थांब म्हणते? खोली होवो नाहीतर न होवो, तुले काय करायचं आता खोलीचं?"

"तेच तं, बा," ललिता म्हणाली. "तेच पाह्यचं आहे मले."

देवमनला ते कळलं नाही. पण पोरगी असं बोलते तेव्हा हुज्जत घालायची नसते, हे त्याला अनुभवानं कळत होतं.

पुढचे दोन महिने संपता संपेनात. पंजाबराव येऊन गेले, भिंतीला हातानं ठोकून पाहिलं, देवमनला 'हात चांगला आहे तुमचा' म्हणाले. मंजुरी आज येते, उद्या येते असं चाललं. ऊन असं तापलं की निंबाखालीसुद्धा पोरं कोमेजून जायची. ललिता दर संध्याकाळी छपराविनाच्या त्या खोलीत जाऊन उभी राहायची. वर मोकळं आभाळ. तिला भीती वाटायची. खोली जाईल याची की तो जाईल याची, ते ती स्वतःलाही सांगत नव्हती. आपण उगाच ताणलं का? माणूस आहे, कंटाळेल, धामणगावला आईनं दुसरी पाहून ठेवली असेल... रात्री उशीला डोकं टेकल्यावर हे हमखास डोक्यात यायचं. तिला तो हवा होता. अगदी सरळ, स्पष्ट हवा होता.

एकदा बार्शीटाकळीच्या बाजारात तो दिसला. कांद्याच्या ढिगापलीकडे उभा होता. जवळ आला नाही, पंजाबरावांनी लांब राहायला सांगितलं होतं ना. नुसतं बोट वर करून आभाळाकडे दाखवलं आणि भुवया उंचावल्या, म्हणजे, छप्पर? ललितानं मान हलवली, अजून नाही. त्यानं इतकं मोठं तोंड पाडलं की ती पदर तोंडाशी धरून हसली, आणि कांदेवाल्या बाईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहून आणखी एक कांदा तागडीत टाकला.

वैशाख संपता संपता मंजुरी आली, आणि मागोमाग पत्रे आले. गाडीतून उतरवताना त्यांचा असा खडखडाट झाला की गावातली कुत्री बेफाम भुंकायला लागली. बायकांनी दोर धरले, पुरुषांनी वासे चढवले, देवमन वर बसून खिळे ठोकत होता. शेवटचा पत्रा बसला तेव्हा मैनाबाई आणि सुंदराबाई दोघी एकदमच आत गेल्या आणि उगाचच वर पाहत उभ्या राहिल्या. पोरांनी तर आत शिरून आरोळ्या ठोकायला सुरुवात केली. त्यांना पत्र्याखाली आवाज घुमतो हे नवंच सापडलं होतं.

सूर्यभान दुसऱ्या दिवशी आला. कागद नाही, पिशवी नाही. स्वच्छ धुतलेला सदरा, आणि चेहरा परीक्षेला बसणाऱ्यासारखा.

ललिता नव्या खोलीत जमीन सारवत होती. अर्धी झाली होती. तो उंबऱ्यापाशी थांबला.

"येऊ का आत?"

"ओलं आहे. तिथंच उभे राहा."

तो उभा राहिला. तिनं सारवायचं थांबवलं नाही. हात फिरत होता, बांगड्या वाजत होत्या, आणि बाहेर कुठेतरी मैनाबाई मोठ्यानं कोणाला तरी सांगत होत्या की तिकडे जाऊ नका, काम चालू आहे.

"पत्रे तं चढले," तो म्हणाला.

"चढले."

"एक विचारू? पत्रे नसते चढले... तं खरंच नाही म्हटलं असतं?"

"खरंच."

"काहून, ललिता?" त्यानं पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं. "इतका वाईट आहे का मी?"

ललितानं हात थांबवला. शेणमातीचे हात तसेच गुडघ्यावर ठेवून तिनं त्याच्याकडे पाहिलं. इतके दिवस जे मनात धरून ठेवलं होतं, ते आता बोलायला तिला जड जाईल असं वाटलं होतं. पण गेलं नाही.

"खोली नसती झाली तं बालवाडी गेली असती. मंग मले कोणालेतरी हो म्हणावंच लागलं असतं. कौंडण्यपूरवाल्याले, नाहीतर तुमाले. तुमी बरे, म्हून तुमाले म्हटलं असतं." तिनं एकदा वर पत्र्याकडे पाहिलं. "मले तुमाले तसं हो नव्हतं म्हणाचं. आता माझी खोली आहे, माझं काम आहे. मले कोणाचीच गरज नाही."

सूर्यभानचा चेहरा उतरला. "म्हंजे..."

"म्हंजे आता हो म्हणून राहिली," ललिता म्हणाली. "तुमाले. नुस्तं तुमीच पाहिजे म्हून."